विषय क्रमांक चार

(प्रस्तावना)

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक चार होता 'लिफ्ट बदलणे'. साडेदहाची सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि अकराला तेवढ्याच माणसांनिशी त्याच पार्किंगमध्ये पुन्हा भरली. हे दरवर्षीचंच. पहिले तीन विषय चहा येईपर्यंत उरकले. लिफ्टचं देखभालीचं काम बघणाऱ्या मेकॅनिकने लेखी दिलं होतं की दोराच्या तारा तुटायला लागल्यात, आता दुरुस्तीवर भागणार नाही. तो कागद सेक्रेटरींनी वाचून दाखवला.

तळमजल्यावरचे काका उठले. "आम्ही लिफ्ट वापरत नाही. आम्ही पैसे का द्यायचे?" प्रश्न रास्त होता. उत्तर आलं, "तुमचा मागच्या वर्षीचा मेंटेनन्स बाकी आहे. तुम्ही तर बोलूच नका." मग चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आज लिफ्ट, उद्या रंग, परवा जिम मागाल," आणि भटाला दिली ओसरी ही म्हण त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवली. जुन्या कमिटीतल्या एकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आम्ही पंधरा वर्षं झोपा काढत होतो, असंच ना?" असं कोणीही म्हटलेलं नव्हतं. मागच्या रांगेतून आवाज आला, "समोरच्या बिल्डिंगने नवी लिफ्ट बसवली आणि दोन महिन्यांत त्यांचे सेक्रेटरी गेले." गेले ते गृहस्थ ८४ वर्षांचे होते, पहिल्या मजल्यावर राहायचे आणि लिफ्टमध्ये कधी पाय ठेवायचे नाहीत. तरी दोघातिघांनी गंभीरपणे माना हलवल्या. कोणीतरी निर्वाणीचं बोललं, "इतकी वर्षं पडली का? नाही ना? मग!"

चाळीस मिनिटं झाली. मला राहवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलंय. माझं ऐका, लिफ्ट बदला." सगळे गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, मास्तर चिडले म्हणून. त्या सभेत झालेल्या चुकांमध्ये ही एक माझी. लिफ्टच्या दोराचं आणि माझ्या तीस वर्षांचं काही नातं नव्हतं. दोराबद्दल बोलण्याचा अधिकार असलाच तर त्या मेकॅनिकचा होता.

त्या शांततेत इतिवृत्त लिहिणाऱ्या ताईंनी पेन थांबवलं आणि अगदी साध्या अडचणीने विचारलं, "विषय क्रमांक चारखाली लिहू काय? मूळ प्रश्न काय होता?"

पुढची सगळी पानं त्यांच्या या प्रश्नामुळे लिहिली गेली.

आपल्याकडे अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र घेता येतं. घेणारे बहुतेक जण ते 'स्कोअरिंग' म्हणून घेतात, आणि त्यात चूक काही नाही. सत्यता कोष्टक बिनचूक भरलं की गुण कोणी कापू शकत नाही. मीही तसंच शिकवत गेलो. तर्कदोषांच्या धड्यात प्रत्येक दोषाचं नाव, व्याख्या आणि एक उदाहरण. पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं कँटीनमध्ये जाऊन आपापल्या वडिलांसारखीच भांडत. क्रिकेट असो की राजकारण, वर्गात लिहिलेली व्याख्या बाकावरच राहायची. पुष्कळ वर्षं मला वाटे की मुलं लक्ष देत नाहीत. आता वाटतं, मी त्यांना चुकीच्या जागी बघायला लावत होतो. दोष वाक्यात शोधा, असं शिकवत होतो.

एकटं वाक्य क्वचितच दोषी असतं. "तुमचा मेंटेनन्स बाकी आहे" हेच वाक्य घ्या. लिफ्ट बदलायची का, या प्रश्नाला ते गैरलागू आहे. उद्या तेच काका खजिनदारपदाला उभे राहिले तर त्याहून लागू वाक्य सापडणार नाही. 'इतकी वर्षं पडली नाही' हा युक्तिवादही दगडी पायऱ्यांबद्दल केला तर चालून जाईल. झिजणाऱ्या दोराबद्दल तो नेमका उलट बाजूला झुकतो. जितकी वर्षं जास्त, तितका दोर जुना. युक्तिवाद ठीक की फसवा, हे तो कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुढे केलाय यावर ठरतं, आणि तो प्रश्न बहुतेक वेळा कुणाच्याच लक्षात उरलेला नसतो.

शितावरून भाताची परीक्षा ही आपली रोजची रीत. एक शीत चिमटीत दाबायचं आणि पातेलं उतरवायचं. एकावरून सगळ्यांबद्दल बोलू नये असं सांगणाऱ्या शास्त्राला स्वयंपाकघर रोज खोटं पाडतं, असं वाटेल. पण तिथे तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी एक, आच एक, वेळ एक. म्हणून एक शीत सगळ्यांच्या वतीने बोलू शकतं. बुडाला भात लागलेला असेल तर वरचं शीत ते सांगत नाही, हे करपलेला भात खाल्लेल्या कुणालाही ठाऊक आहे. जुलै महिन्यात चौकाचौकात कोचिंग क्लासचे फलक लागतात, हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली टक्केवारी. तीही शितंच, पण वेचून फलकावर ठेवलेली. पातेल्यात एकूण किती तांदूळ होता, प्रवेशाच्या आधी चाळण लावली होती का, हे फलकावर नसतं. फोटोतली मुलं खरी, गुणही खरे. आपण मनात विचारलेला प्रश्न मात्र 'माझ्या मुलाचं काय होईल' हा असतो.

या जागी मला नेहमी ताराबाई शिंदे आठवतात. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला. १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. या एका बाईवरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर लिहिलं जाऊ लागलं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापून त्याला उत्तर दिलं. जगातल्या बायका काही एका आधणावर चढवलेल्या नसतात. एवढं म्हणून त्या थांबल्या असत्या तरी तर्कशास्त्राच्या परीक्षेत पास झाल्या असत्या. त्या पुढे गेल्या. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती आहे, हे त्या तपासत सुटल्या. एखादा पढिक वाचक म्हणेल, हा तर 'तुम्हीही तसेच' या जातीचा दोष. समोरच्याकडे बोट दाखवल्याने आपण निर्दोष ठरत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत हेच लिहिलं होतं आणि मी त्याला गुण दिले होते. द्यायला नको होते. कारण प्रश्न काय होता? हे दुर्गुण खास बायकांचेच आहेत का, हा. त्या प्रश्नाला पुरुषांकडे बोट दाखवणं हे अगदी सरळ उत्तर आहे, दुसरं कुठलं देणार?

प्रश्नांची अशी सरमिसळ मोठ्या माणसांच्या मोठ्या वादांतही दिसते. बालविवाहांविरुद्ध बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये टिपणं प्रसिद्ध केली, तेव्हा अनेकांनी त्यांना ऐकवलं की तुम्ही पारशी, तुम्हाला आमच्या घरातलं काय कळतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला सासरी काय सोसावं लागतं, याचं उत्तर मलबारींच्या धर्मात नव्हतं. पण १८९१ मध्ये कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेण्याची वेळ आली तेव्हा टिळकांचा आक्षेप निराळा होता. परक्या सरकारने कायद्याच्या जोरावर आमच्या समाजात हात घालू नये, असा. इथे 'कोण करतंय' हे गैरलागू म्हणून झटकता येत नाही, कारण अधिकार कुणाचा हाच एक प्रश्न होता. अडचण अशी की पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर दिलं जात होतं आणि दरम्यान मुली सासरी जात होत्या. माझा कल कुठे आहे, हे वाचकाने ओळखलंच असेल.

आपली परंपरा वादाच्या बाबतीत मुळीच भोळी नव्हती. गौतमाच्या न्यायसूत्रांत एकूण सोळा पदार्थ सांगितले आहेत आणि त्यांतले शेवटचे सात थेट वादाच्या आखाड्यातले आहेत: वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाती, निग्रहस्थान. ॲरिस्टॉटलने तेरा तर्कदोष मोजले. आपल्याकडे हेत्वाभास, म्हणजे फसवी कारणं, पाच, जाती, म्हणजे पोकळ हरकती, चोवीस आणि वादात हरल्याचं जाहीर करण्याच्या जागा बावीस. सत्य शोधण्यासाठी बोलणं तो वाद, जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ती वितंडा. मराठीत यांतला 'वितंडवाद' तेवढा घरोघरी रुळला, यावरून आपण कशाचा सराव जास्त केला ते कळतं. 'छल' शब्दाचं तर मराठीत 'छळ' झालं, आणि शब्दच्छल करणाऱ्या माणसाशी ज्याने संसार केलाय त्याला हा अर्थबदल समजावून सांगावा लागत नाही.

छलाचं जुनं उदाहरण माझ्या वर्गात दरवर्षी हशा मिळवायचं. एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, कुठे आहेत नऊ? एकच तर दिसते! संस्कृतात 'नव' म्हणजे नवं आणि नऊही. बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं, हे दुसऱ्याला पक्कं कळलेलं असतं. तरीही तो मोजायला बसतो.

न्यायशास्त्राचा लाडका दाखला डोंगरावरच्या आगीचा. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. एका वर्षी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आमच्या स्वयंपाकघरात अग्नी आहे, धूर नाही. गॅस आहे." वर्ग हसला. तिला वाटलं, तिने गौतमाला पाडलं. खरं तर तिने जुन्या नैयायिकांचाच मुद्दा पुन्हा शोधून काढला होता: धुरावरून अग्नी ओळखता येतो, अग्नीवरून धूर नाही. त्यांच्याकडे गॅस नव्हता, म्हणून ते तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देत. धूर हवा तर सरपण ओलं लागतं, असंही ते सांगून गेले. हा ओल्या सरपणाचा मुद्दा मला फार आवडतो. दोन गोष्टी सोबत दिसल्या की त्यांच्यामध्ये तिसरी कुठली लपलीय का, हे बघायची सवय त्याने लागते. आणि धुराआधीचा प्रश्न म्हणजे, दिसतंय ते धूर आहे की धुकं? "लोक उगाच बोलतात का" असं म्हणत कुणाच्याही संसारावर शेरा मारणाऱ्यांनी बहुतेक वेळा धुकं पाहिलेलं असतं.

"लोक उगाच बोलतात का" या वाक्याची सर्वांत मोठी परीक्षा मी पाहिली ती २१ सप्टेंबर १९९५ ला. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला. आमच्या स्टाफरूममध्ये तास कोणी घेत नव्हतं. गणिताचे सहकारी स्वतः चमचा लावून आले होते आणि शपथेवर सांगत होते की दूध गेलं. मी म्हणालो, "वेड लागलंय सगळ्यांना." ते म्हणाले, "लाखो लोक खोटं बोलतात का?" झालं. आम्ही दोघंही तासभर लोक खरं बोलतात की खोटं यावर भांडलो. मी पाचामुखी परमेश्वर या म्हणीची टर उडवली, ते माझ्या नास्तिकपणावरून माझ्या मुलांच्या संस्कारांवर घसरले.

लोक खोटं बोलत नव्हतेच. चमच्यातलं दूध खरोखर जात होतं. विचारायचा प्रश्न होता, जातं कुठे? दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून चमचा मूर्तीला लावला, तेव्हा रंगीत दूध मूर्तीच्या अंगावरून पसरताना दिसलं. पृष्ठताणामुळे दुधाचा थेंब ओल्या दगडाला धरतो, चमच्यातलं दूध मागोमाग ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर डोळ्यांना दिसत नाही. माझे सहकारी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगत होते आणि मी त्यांना वेडा म्हणत होतो. निष्कर्ष माझा बरोबर निघाला, पण तिथवर जायला माझ्याकडे वाट नव्हती. त्यांना मी हरवलं नव्हतं, फक्त दुखावलं होतं. पुढे सहा महिने आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हा काकतालीय न्याय. त्याबद्दल पुढे एक आख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे माझ्या घरचं एकच सांगतो. आमच्याकडे तान्हं मूल किरकिरायला लागलं की आजी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. ठसका लागला नाही तर म्हणायची, बघा, केवढी नजर होती, मिरच्यांचा वाससुद्धा आला नाही. ठसका लागला तर म्हणायची, चला, थोडक्यात निभावलं. मूल झोपलं तर नजर उतरली. नाही झोपलं तर नजर भारी, पुन्हा उतरवा. आजीच्या या व्यवस्थेत अशी एकही घटना बसत नव्हती की जिच्यामुळे नजर नव्हतीच असं म्हणता येईल. मात्र तिला 'हे चूक आहे' म्हणून सांगायला गेलेल्या माझ्या काकाला तिने विचारलं, "मग पोर झोपलं कसं?" काकाकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं ते असं की तान्ही मुलं रडून रडून झोपतातच, आणि ओवाळताना आजी त्याला मांडीवर घेऊन बसायची. बारावीत तर्कशास्त्रात पहिला आलेला काका हे पाहायला विसरला.

असाच एक विद्यार्थी मला पावसाळ्यात भेटला. दोषांची नावं नुकती शिकलेला. आई म्हणाली, छत्री घे, माझे गुडघे दुखतायत, पाऊस येणार. हा हसला, "आई, गुडघ्यांवरून पाऊस सिद्ध होत नाही," आणि छत्री न घेता निघाला. माझ्याकडे आला तो नखशिखांत भिजून. आईचा पुरावा लंगडा होता म्हणून पाऊस थांबत नाही. कारण पडलं म्हणजे निष्कर्षही पडला, ही समजूत तर्कशास्त्राचा पहिला धडा शिकलेल्यांना गोवरासारखी होतेच; माझ्या वर्गात तिची साथ ऑगस्टमध्ये यायची.

पुस्तकात म्हणी भरपूर आहेत, याबद्दल दोन शब्द. आमच्या भाषेने तर्कदोषांना फार पूर्वी नावं दिलेली आहेत, आणि ती पाठ्यपुस्तकातल्या नावांपेक्षा चांगली आहेत. समोरचा जे बोललाच नाही ते खोडत बसणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. जुन्या कमिटीतल्या त्या गृहस्थांनी नेमकं तेच केलं. स्वतःला एक नियम आणि शेजाऱ्याला दुसरा लावला की आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मुद्दा अंगाशी आला की फाटे फोडणं आहेच. पण हीच भाषा दोषांना शस्त्रंही पुरवते. काकूंनी ओसरीची म्हण म्हटली तेव्हा लिफ्टनंतर जिम खरंच येणार होती का, हे कोणी विचारलं नाही. म्हणीला यमक असतं, आणि यमकाशी वाद घालणारा माणूस सभेत खडूस दिसतो. काही वेळा ओसरी दिल्यावर पाय खरोखर पसरले जातात, हेही आहे; म्हणून प्रत्येक वेळी मधल्या पायऱ्या मोजाव्या लागतात. मी ओसरीच्या प्रकरणात कुळकायद्यापासून पार्किंगमधल्या स्कूटरपर्यंत उदाहरणं घेतली आहेत. काही ठिकाणी ओसरी देणारा बरोबर ठरलाय, काही ठिकाणी न देणारा.

प्रकरणांच्या शेवटी स्वाध्याय आहेत, उत्तरं नाहीत. प्रकाशकांना ती हवी होती. मी दिली नाहीत, कारण प्रत्येक उदाहरणात आधी प्रश्न शोधायचा आहे आणि काही उदाहरणांत प्रश्न दोन आहेत. लॅटिन नावं शेवटच्या परिशिष्टात टाकली आहेत; ज्यांना समारंभात वापरायची असतील त्यांनी तिथून घ्यावीत.

इतिवृत्त लिहिणाऱ्या ताईंना त्यांचं नाव छापायला नको आहे. विषय क्रमांक चारखाली त्यांनी शेवटी तीन ओळी लिहिल्या: लिफ्ट सुरक्षित आहे का, याचा दुसऱ्या तज्ज्ञाकडून अहवाल मागवावा, तोवर लिफ्ट बंद ठेवावी, खर्चाची विभागणी वेगळ्या सभेत ठरवावी. म्हणजे एका विषयाचे त्यांनी तीन केले. तळमजल्यावरच्या काकांनी अनुमोदन दिलं.

हस्तलिखित वाचलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. गॅसच्या शेगडीवरून गौतमाला गाठणारी तीच. तिने समासात तीन ठिकाणी पेन्सिलने लिहिलं, "सर, प्रश्न काय होता?" दोन जागा मी मुकाट्याने दुरुस्त केल्या. तिसरी तशीच ठेवली आहे. तिथे मीच बरोबर आहे असं मला वाटतं, आणि आमचं त्यावर अजून मिटलेलं नाही.